संदर्भ हाताशी, विद्यार्थी झेरॉक्सच्या रांगेत

डिसेंबर उजाडला की तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे शाळा-कॉलेजची मुले गर्दी करू लागतात. ‘जलप्रदूषण द्या’, ‘दुष्काळ आहे का?’, ‘बाबासाहेबांवरचा वीस पानी काढा’. दुकानदाराच्या संगणकात प्रकल्पांच्या फायली विषयवार लावलेल्या असतात. नाव, हजेरी क्रमांक आणि शाळा बदलायची, रंगीत मुखपृष्ठ छापायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे, झाला प्रकल्प. शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असा मथळा असतो आणि त्याखाली एकच शब्द: इंटरनेट. शिक्षक गुण देतात, गठ्ठा कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी रद्दीत.

त्याच मुलाच्या खिशातल्या फोनवर आज जे उघडते, ते त्याच्या आजोबांच्या काळातल्या प्राध्यापकालाही सहजासहजी मिळत नव्हते. मराठी विश्वकोशाचे खंड, केतकरांचा ज्ञानकोश, मोल्सवर्थचा आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश, बालभारतीची पाठ्यपुस्तके, १९७१ पासूनचे ‘किशोर’चे अंक, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियर, आणि यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. तरी संदर्भाच्या पानावर ‘इंटरनेट’ एवढेच येते. मुले आळशी झाली, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही. मराठीत विद्या विद्यार्थ्यापर्यंत नेण्याची खटपट जवळपास दोनशे वर्षे चालू आहे आणि त्या खटपटीत पुस्तकाबरोबर एक माणूसही असे. आज पुस्तक पोचले आहे आणि माणूस मागे राहिला आहे. हे कसे झाले ते कळायला बरेच मागे जावे लागते.

बाळशास्त्री जांभेकरांचे नाव ‘दर्पण’मुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १८४० साली त्यांनी काढलेले ‘दिग्दर्शन’ मात्र फारसे कोणाला आठवत नाही. मराठीतले हे पहिले मासिक. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र हे त्याचे विषय. बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. इंग्रजी वर्गात बसायची संधी मिळालेल्या मूठभर मुलांना जे कळते, ते बाहेरच्यांनाही आपल्या भाषेत कळावे, ही त्यामागची तळमळ. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी शाखेने, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेने, १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक चालवले. सभेत निबंध वाचायचा, त्यावर बोलायचे, मग तो छापायचा. याच सोसायटीने १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. नुकत्या शिकलेल्या तरुणांनी आपल्यामागून येणाऱ्यांसाठी केलेली ही कामे आहेत.

ग्रंथालयेही त्याच सुमारास उभी राहू लागली होती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. गोव्यात पणजीला तर १८३२ मध्येच सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले होते. आजचे कृष्णदास शामा ग्रंथालय ते हेच. शब्दकोशाचे काम मोल्सवर्थने केले. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर हा कोश आज कुठलाही शब्द टाकून पाहता येतो. पाठ्यपुस्तकातल्या जुन्या उताऱ्यात अडलेल्या मुलासाठी याहून चांगली सोय नाही.

यानंतरचा मोठा माणूस श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून परतलेल्या या माणसाने १९१६ च्या सुमारास मराठीत ज्ञानकोश करायचे मनावर घेतले. राजाश्रय नव्हता, विद्यापीठ पाठीशी नव्हते. त्यांनी मंडळ स्थापून भाग विकले, वर्गणीदार जमवले, गावोगाव फिरून लोकांना कोश म्हणजे काय हे समजावले. पहिले पाच खंड नुसते प्रस्तावनेचे: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. एकूण २३ खंड १९२० च्या दशकात पुरे झाले. मूठभर लेखकांना हाताशी धरून, तोट्याची धास्ती बाळगत केलेले ते काम. ज्यांनी तो विकत घेतला त्यांत खेड्यापाड्यांतले शिक्षक होते, वकील होते, वाचनालये होती. या कोशाची संगणकीय आवृत्ती आता यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नामुळे सर्वांना खुली आहे. त्यातली माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे, हे लक्षात ठेवून वाचले तर ती आजही उपयोगाची आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात काय पिकत होते, कुठल्या गावची पेठ भरभराटीत होती, हे दुसरीकडे मराठीत इतके सहज सापडत नाही.

केतकरांच्या थोडे आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी जे केले ते मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले शिकली, पण वाचायला पुस्तक मिळाले नाही तर शिकलेले विसरतील, हे त्यांच्या ध्यानात आले. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. पेटी गावात जायची, वाचून व्हायची, परत यायची, दुसरी निघायची, खर्च दरबारचा. सयाजीराव एवढ्यावर थांबले नाहीत. बॉर्डनकडून त्यांनी ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग चालवून घेतला. पेटी पाठवायची असेल तर ती लावणारा, कोणाला काय द्यावे हे जाणणारा, परत आल्यावर काय वाचले गेले ते पाहणारा माणूस हवा, हे त्यांना कळले होते. आज नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जातात. त्यांची कुळी बडोद्याच्या पेट्यांचीच आहे.

महाराष्ट्र राज्य झाले आणि हे काम सरकारने हाती घेतले. १९६० च्या नोव्हेंबरात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले आणि विश्वकोशाचे कार्यालय वाईत थाटले. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, पण त्याआधी १९७३ मध्ये परिभाषेचा खंड निघाला होता. शास्त्रांचे लेख मराठीत लिहायचे तर आधी संज्ञा ठरवायला हव्यात, म्हणून. विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडले. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे आणि पुढच्या अध्यक्षांनी काम रेटत नेले. १८ हजारांवर नोंदी झाल्या. नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते आणि बहुधा संदर्भग्रंथांची यादीही.

इथे विद्यार्थ्याला एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी आणि ती सहसा कोणी सांगत नाही. विश्वकोश अकारविल्हे निघाला आणि निघायला चाळीस वर्षे लागली. म्हणून ‘अ’ने सुरू होणाऱ्या देशाची लोकसंख्या १९७० च्या दशकातली असते आणि ‘ह’ने सुरू होणाऱ्या विषयाची माहिती चार दशकांनी नवी. संकेतस्थळावर दोन्ही पाने सारखीच दिसतात. मुलगा ती पाहतो, आकडा उतरवतो आणि चुकतो. खंड कधीचा आहे हे पाहायची सवय लावली की तीच जुनी नोंद त्याच्या उपयोगाची होते: तेव्हाचा आकडा विश्वकोशातून घ्यावा, आजचा जनगणनेतून घ्यावा, फरक स्वतः मांडावा. विश्वकोश मंडळाने आता विद्यापीठे आणि संस्थांच्या साह्याने विषयवार ज्ञानमंडळे करून नोंदी अद्ययावत करायला घेतल्या आहेत. हे काम चांगले आहे. ते रखडू नये.

मग हे सारे असताना संदर्भ पाहण्याची सवय मोडली कुठे? माझ्या मते, परीक्षेने मोडली. बालभारती १९६७ मध्ये स्थापन झाली आणि राज्यातल्या शेवटच्या मुलाला स्वस्तात चांगले पाठ्यपुस्तक मिळाले, हा मोठाच उपकार. पण प्रश्नपत्रिका पाठ्यपुस्तकाबाहेर पाऊल टाकेनाशी झाली. पुस्तकाची जागा गाईडने घेतली, गाईडची अपेक्षित प्रश्नसंचाने. ज्या मुलाला दहा वर्षे एकाच पुस्तकातून एकच उत्तर लिहायला लावले, त्याला अकरावीत ‘प्रकल्प कर, संदर्भ दे’ म्हटले तर तो दुसरे काय करणार? शाळांतली ग्रंथपालांची पदे अर्धवेळ झाली, बरीच रिकामी राहिली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यभर अ, ब, क, ड वर्गांची हजारो ग्रंथालये अनुदानावर उभी राहिली खरी, पण ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात जो माणूस रोज संध्याकाळी कुलूप उघडतो त्याला मिळणारा मेहनताना सांगायलाही संकोच वाटावा असा आहे.

नेमक्या अशा वेळी इंटरनेट आले. मराठीपुरते ते सुरुवातीला अडखळतच आले. श्रीलिपी, शिवाजी, आयएसएम अशा ज्याच्या त्याच्या फाँटात मजकूर टाइप व्हायचा. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक अक्षरे असत, त्यामुळे शोधयंत्राला काहीच सापडत नसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. तरी आजही कित्येक सरकारी पीडीएफमधून एक वाक्य उचलून दुसरीकडे टाकले की अक्षरांचा चिखल होतो. जुनी पुस्तके स्कॅन झाली, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातली लाखो पाने इंटरनेट अर्काइव्हवर गेली, पण त्यांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी नोंदवलेली आहेत. ‘ज्ञान’ कोणी डीने सुरू केले, कोणी जीने, कोणी जेने. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार आहेत; आजच्या लेखनाने शोधले तर ती पाने वर येत नाहीत. पुस्तक असते, दिसत मात्र नाही. नाव तीन-चार प्रकारांनी टाकून पाहा, लेखकाच्या आडनावाने शोधा, प्रकाशनाचे साल टाका, या साध्या युक्त्या दहा मिनिटांत शिकवता येतात. मराठी विकिस्रोतावर काही स्वयंसेवक जुन्या पुस्तकांची पाने एकेक ओळ तपासून युनिकोडात आणत आहेत. त्यांचे काम फारसे कोणाला दिसत नाही, पण ते केतकरांच्या जातीचे आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातले लेख आता लाखाच्या घरात आहेत. इंग्रजीतले सत्तर लाखांच्या आसपास. मराठीतले गावांवरचे अनेक लेख एकाच साच्यातून काढलेले आणि दोन-चार ओळींचे आहेत. मुलांना विकिपीडिया वापरू नका असे सांगण्यात अर्थ नाही. लेखाच्या तळाशी संदर्भ आहेत का, ‘इतिहास’ या दुव्यावर तो लेख कोणी कधी बदलला, हे पाहायला शिकवावे. तळाशी संदर्भ नसेल तर तो लेख नुसता ऐकीव बोलण्याएवढाच धरावा.

एकच विषय घेऊन पाहू. झेरॉक्सच्या दुकानात सर्वांत जास्त खपणाऱ्या विषयांपैकी एक म्हणजे दुष्काळ. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलीला हा प्रकल्प आला आहे. तिने आधी विश्वकोशातली ‘दुष्काळ’ ही नोंद वाचावी. व्याख्या आणि कारणे तिथे मिळतील. मग १८८४ चे सोलापूरचे गॅझेटियर उघडावे. जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेल्या या मालिकेत शेतीच्या प्रकरणात जुन्या दुष्काळांची हकिगत येते. दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १८७६-७७ पर्यंतची. १८७६-७७ मध्ये कोणत्या महिन्यात पाऊस किती पडला, रुपयाला ज्वारी किती मिळू लागली, सरकारी कामांवर किती माणसे आली. भाषा इंग्रजी आहे आणि जुनी आहे. शिक्षकांनी चार परिच्छेद बसून समजावून द्यावेत. फोनवरच्या भाषांतराचीही मदत घेता येईल, फक्त आकडे मुळाशी ताडून पाहावेत. त्याच दुष्काळाची दुसरी बाजू महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयात आहे: १८७७ मधले त्यांचे मदतीचे विनंतीपत्रक. सरकारी अधिकाऱ्याची नोंद आणि जोतीरावांचे आवाहन शेजारी ठेवले की इतिहास कसा लिहिला जातो हे त्या मुलीला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही. पुढे १९७२. त्यासाठी तिने फोन बाजूला ठेवून आजीजवळ बसावे. खडी फोडायला कोण कोण गेले, हजेरी कशी लागायची, पोरांना सुकडी मिळायची ती कशी लागायची, मिलोची भाकरी घशाखाली उतरायची का. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा पुढे आला आणि देशभरच्या रोजगार हमीला त्याचा आधार मिळाला. शेवटी कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर आपल्या महसूल मंडळात यंदा पाऊस किती झाला ते पाहून तिने तक्ता करावा. हा प्रकल्प कुठल्याही दुकानदाराच्या संगणकात सापडणार नाही, कारण त्यातली आजी त्या मुलीची आहे.

विज्ञानाचीही अशीच स्थिती आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके वर्षानुवर्षे मोफत ठेवली आहेत. पुण्याच्या ‘शैक्षणिक संदर्भ’चे अंक, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे साहित्य यांत एका प्रयोगाच्या मागे का आणि कसे हे सांगितलेले असते. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडने ‘दीक्षा’वरचे व्हिडिओ उघडतात, पण तिथेही मुलाला बहुधा पाठाचेच उत्तर मिळते. कॉलेजातल्या मुलांसाठी ‘शोधगंगे’वर देशभरचे प्रबंध खुले आहेत, त्यांत मराठीतले, मराठी विषयांवरचेही बरेच आहेत. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके मिळू लागली. ती बहुतांशी इंग्रजीत आहेत.

आणि आता चॅटजीपीटीसारखी साधने. २०२२ च्या अखेरीपासून ती आली आणि झेरॉक्सच्या दुकानाचीही गरज उरली नाही. वीस पाने घरबसल्या तयार होतात, मराठीही बऱ्यापैकी सुबक असते. पण ही साधने नसलेल्या पुस्तकाचे नाव, नसलेले पान ठामपणे सांगतात, आणि मराठी विषयांवर हे अधिक होते, कारण त्यांनी वाचलेला मराठी मजकूरच थोडा आहे. या साधनांवर बंदी घालून काही साधणार नाही. त्यांनी सांगितलेला संदर्भ खरोखर आहे का, हे पडताळून पाहणे हाच यापुढे गृहपाठाचा मोठा भाग व्हायला हवा. ज्या मुलाने गॅझेटियरचे एक पान स्वतः उघडून पाहिले आहे तोच हे पडताळू शकेल.

सरकारने करायच्या गोष्टी दोन आहेत आणि दोन्हींना फार पैसा लागत नाही. इयत्ता आणि विषय यांनुसार मराठीतल्या विश्वसनीय खुल्या साधनांची सूची एका जागी, शिक्षकांकडून करून घेऊन दरवर्षी सुधारत ठेवावी. आणि ‘क’, ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांना एक संगणक, एक जोडणी आणि ती वापरायला शिकवू शकेल अशा ग्रंथपालाचा पूर्ण पगार द्यावा. सयाजीरावांच्या दरबाराला जे १९१० मध्ये परवडले ते आजच्या महाराष्ट्राला परवडणार नाही, असे कोणी म्हणू नये.

बाकीचे शिक्षकांच्या हाती आहे. येत्या जूनमध्ये प्रकल्पांचे विषय वाटताना ‘जलप्रदूषण’ लिहू नका, आपल्या ओढ्याचे किंवा नदीचे नाव लिहा. तीन संदर्भ मागा: एक कोशातला, एक जुन्या कागदपत्रातला किंवा आकडेवारीतला, एक गावातल्या माणसाच्या तोंडचा. प्रत्येकाचे नाव, साल आणि पान लिहायला लावा, आणि वीसपैकी दहा गुण संदर्भाच्या पानाला ठेवा. मग एका तासिकेत वर्गासमोर फोन हातात घ्या, विश्वकोश उघडा, आणि खंडाचे साल कुठे पाहायचे ते मुलांना दाखवा.